योजना वर्षात तीनदा बदलली, लोक विटले. आता नेतृत्व कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे दोनशे माणसांच्या कंपनीत कामकाज विभाग सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे लवकरच सगळ्या कंपनीची धुरा येणार आहे. मागणीचा भरवसा नाही, कच्च्या मालाचे भाव हलते आहेत, वर्षभरात योजना तीनदा बदलली आणि लोक आता नवी योजना मनावर घेत नाहीत. अशा वेळी धोरणात्मक नेतृत्वाची कौशल्यं कशी कमवावीत आणि त्यासाठी कोणता कोर्स करावा, अशी विचारणा आहे.

कोर्सचं शेवटी बघू. आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. योजना तीनदा बदलली यात गैर काही नाही. परिस्थिती पालटली तर योजना पालटणारच. लोक विटतात त्याचं कारण वेगळं असतं. पहिली योजना कशाच्या भरवशावर उभी आहे हे त्यांना कधी सांगितलेलं नसतं, त्यामुळे ती का मोडली हेही त्यांना कळत नाही. त्यांच्या लेखी वरच्यांचं मन फिरलं, संपलं. म्हणून पुढे काय होणार हे ओळखण्याचं कसब सगळ्यांना वाटतं तितकं कामाला येत नाही. निर्णय घेतानाच तो कशावरून बदलायचा, केव्हा बदलायचा आणि बदलण्याचा अधिकार कोणाला, हे लिहून ठेवणं जास्त कामाला येतं. पुढचं सगळं याच एका सवयीभोवती आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हातात किती रोकड आहे, ही पहिली. तीन महिन्यांपेक्षा कमी खर्च भागेल इतकीच शिल्लक असेल तर धोरणाची चर्चा बाजूला ठेवून आधी वसुली आणि देणी हातात घ्या. दुसरी, शेवटचा शब्द तुमचा आहे की मालकांचा किंवा बोर्डाचा. त्यांचा असेल तर खाली सांगितलेल्या पातळ्या आणि कृती त्यांच्याकडून आधीच मंजूर करून घ्याव्या लागतील, नाहीतर ऐन वेळी परवानगीत आठवडे जातात. तिसरी, तुमच्या धंद्यात माघार किती महाग आहे. यंत्रसामग्रीत पैसा अडकतो अशा धंद्यात एक चूक वर्षानुवर्षं पिच्छा पुरवते. सेवा विकणाऱ्याला महिन्याभरात दिशा बदलता येते.

सुरुवात निर्णय-वहीपासून करा, म्हणजे प्रत्येक महत्त्वाचा निर्णय आणि त्यामागची गृहीतकं आधीच लिहून ठेवण्यापासून. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला: जोखमीची शक्यता मोजता येते, अनिश्चिततेची येत नाही. वरिष्ठ पातळीवरचे बहुतेक निर्णय या दुसऱ्या प्रकारात पडतात, आणि तिथे शिकणं अवघड जातं, कारण निकाल उशिरा लागतो आणि तोवर आपण मुळात काय समजत होतो हे आपणच विसरतो. किंवा सोयीने बदलून आठवतो. हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं, म्हणून त्याची नजर तयार होते. तुम्हाला ते उत्तर मुद्दाम मिळवावं लागतं.

प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी अर्धं पान पुरे. त्यात लिहा: काय ठरवायचं होतं, काय ठरवलं, कोणते दोन पर्याय सोडले आणि का, निर्णय ज्यावर टेकला आहे अशी तीन ते पाच गृहीतकं, प्रत्येक गृहीतक खरं ठरण्याची शक्यता टक्क्यांत, काय दिसलं तर निर्णय बदलायचा, आणि पुन्हा तपासण्याची तारीख. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. वही निर्णय जाहीर करण्याआधी भरायची, नंतर नाही. नंतर भरलेली वही म्हणजे समर्थन.

टक्के लिहायला लोक कचरतात, ‘इतकं नेमकं कसं सांगणार’ म्हणतात. पण ‘बहुधा होईल’ हा शब्द खोलीतला एक जण ५५ टक्के समजतो आणि दुसरा ९० टक्के, आणि दोघांनाही वाटतं की आपलं एकमत झालं. आकडा चुकीचा असला तरी मतभेद उघडा पाडतो, हाच त्याचा मोठा उपयोग. गृहीतकही तपासता येईल असं हवं. ‘बाजार सुधारेल’ हे गृहीतक नव्हे. ‘सप्टेंबरअखेर पहिल्या दहा ग्राहकांपैकी किमान सात जण गेल्या वर्षाइतकी ऑर्डर देतील, शक्यता ७० टक्के’ हे गृहीतक.

पंचवीस-तीस गृहीतकांचा निकाल लागला की बेरीज मांडा. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० साली सुचवलेली रीत सोपी आहे: सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल (झालं तर १, नाही तर ०) यांतला फरक काढायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ८० टक्के म्हणालात आणि तसं झालं तर ०.०४, झालं नाही तर ०.६४. या सगळ्यांची सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के म्हटलं तरी सरासरी ०.२५ येते, म्हणजे त्याहून जास्त आली तर तुमची खात्री तुम्हाला फसवते आहे. पंचवीस नोंदींवरून पक्का निष्कर्ष निघत नाही, पण कल दिसतो. एका गोष्टीकडे खास लक्ष द्या: आपल्याच कंपनीतलं काम किती वेळात होईल याचे आडाखे बऱ्याचदा सपशेल आशावादी निघतात.

दुसरं साधन कंटाळवाणं आहे, म्हणून बरेच जण ते वित्त विभागावर सोपवून मोकळे होतात: तेरा आठवड्यांचा रोकड तक्ता. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. पगार, कर, कर्जाचे हप्ते यांची एक पूर्ण फेरी त्यात येते, आणि त्यापलीकडचे साप्ताहिक आकडे तसेही कल्पनेतलेच असतात. ओळी अशा: आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, मोठ्या ग्राहकांची वसुली नावानिशी, बाकीची वसुली एकत्र, पगार, पुरवठादार, कर, हप्ते, भाडं, अखेरची शिल्लक. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवायचा आणि शेवटी एक नवा आठवडा जोडायचा.

इथे चूक ठरलेली असते. वसुलीची तारीख बिलावरच्या मुदतीप्रमाणे धरली जाते, ग्राहक प्रत्यक्षात केव्हा देतो त्याप्रमाणे नाही. तीस दिवसांची मुदत असलेला ग्राहक गेली सहा बिलं पंचावन्नाव्या दिवशी देत आला असेल तर तक्त्यात पंचावन्न लिहा, मनातून कितीही राग आला तरी. मग तोच तक्ता दोनदा ताणून बघा: एकदा सगळी वसुली तीस दिवस उशिरा धरून, एकदा विक्री २० टक्के कमी धरून. आणि दोन्ही एकदम झालं तर कोणत्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते? तो आठवडा माहीत असलेला प्रमुख आणि नसलेला प्रमुख एकाच बातमीवर पूर्ण वेगळं वागतात. पहिल्याला ठाऊक असतं की आपल्याकडे नऊ आठवडे आहेत, म्हणून तो घाई करत नाही. दुसरा एकतर घाबरून सगळं थांबवतो किंवा काहीच करत नाही.

आता भविष्याची चित्रं, म्हणजे सिनारिओ. शेल या तेल कंपनीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नियोजन विभागातले पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, तेव्हा अशा धक्क्याचा विचार शेलमध्ये आधीच झालेला होता. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितला जाणारा भाग असा की त्यांचे पहिले सिनारिओ फुकट गेले होते. त्यात माहिती होती, पण व्यवस्थापकांचा निर्णय त्याने बदलत नव्हता. उपयोग झाला तो ‘आपण आज जे धरून चाललो आहोत ते टिकायचं तर जगात काय काय घडावं लागेल’ हे त्यांच्यापुढे मांडल्यावर. तुमच्या कंपनीतही कसोटी तीच. सिनारिओ वाचून एकही निर्णय हलला नाही, तर ती दुपार वाया गेली.

पद्धत छोटी ठेवा. सहा ते आठ माणसं, अर्धा दिवस, पुढच्या अठरा ते छत्तीस महिन्यांचा पल्ला. त्यांत विक्री, खरेदी, वित्त आणि ग्राहकाशी रोज बोलणारा एक तरी माणूस हवा. ज्या गोष्टींनी सगळ्यात जास्त फरक पडेल आणि ज्यांचं आज काहीच सांगता येत नाही, अशा दोन निवडा. तुमच्या प्रश्नावरून त्या मागणी आणि मालाचा पुरवठा असाव्यात असं वाटतं. दोन्ही गोष्टी एकमेकींबरोबर हलणाऱ्या नकोत, नाहीतर चारपैकी दोन चित्रं पोकळ निघतात. मग चार चित्रं तयार होतात: मागणी टिकली आणि माल मिळतोय, मागणी टिकली पण माल मिळत नाही, आणि असंच पुढे. प्रत्येकाला लक्षात राहील असं नाव द्या, आणि प्रत्येकात पहिल्या तीन महिन्यांत काय दिसेल, कोणते ग्राहक आधी जातील, रोकड कुठे अडेल हे लिहा.

चांगलं, मध्यम आणि वाईट अशी तीन चित्रं कधीच काढू नका. सगळे मधल्यावर बोट ठेवतात आणि तुम्ही होता तिथेच परत येता.

यानंतरचं काम खरं महत्त्वाचं, आणि नेमकं ते चहाच्या वेळेमुळे राहून जातं. आज टेबलावर असलेले निर्णय (नवं यंत्र, भरती, लांब मुदतीचा करार) डाव्या बाजूला लिहा, चार चित्रं वर लिहा, आणि प्रत्येक चौकटीत तो निर्णय तिथे चालेल की नाही ते भरा. तीन किंवा चार चित्रांत चालणारा निर्णय घेऊन टाका, त्यावर आणखी बैठका नकोत. एकाच चित्रात चालणारा निर्णय हा जुगार आहे; घ्यायचाच असेल तर तुकड्यांत घ्या. आणि एखाद्या चित्रात कंपनीच बुडवेल असा निर्णय बाकी तिन्हींत कितीही फायद्याचा दिसला तरी बाहेर पडण्याची वाट ठरल्याशिवाय घेऊ नका. सरासरी चांगली असून उपयोग नाही, कारण बुडालेली कंपनी पुढच्या फेरीला हजर नसते.

तुकड्यांत निर्णय घेणं म्हणजे पहिल्या टप्प्याला एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के, एक तारीख, आणि ‘इतकं झालं नाही तर थांबायचं’ हे आकड्यात. थांबण्याची अट नसलेला प्रयोग कधी संपतच नाही.

चित्रांमधून इशाऱ्याची चिन्हं काढा. पाच ते सातच. वीस आकड्यांचा फलक कोणी बघत नाही. विक्रीचा आकडा चिन्ह म्हणून निकामी आहे, कारण तो घडून गेलेलं सांगतो. आधी हलणाऱ्या गोष्टी शोधा: चौकशांची चार आठवड्यांची सरासरी, कोटेशनपासून ऑर्डरपर्यंत लागणारे दिवस, डिलिव्हरी पुढे ढकलण्याच्या विनंत्या, पैसे यायला लागणारे दिवस, पुरवठादाराने सांगितलेली मुदत. प्रत्येक चिन्हाला एक पातळी, एक जबाबदार माणूस आणि एक ठरलेली कृती. उदाहरणार्थ, चौकशांची सरासरी सलग दोन आठवडे नेहमीपेक्षा २५ टक्क्यांनी खाली राहिली तर नवी भरती थांबते. बैठक लागत नाही, मंजुरी आधीच दिलेली आहे. ‘नेहमीपेक्षा’ म्हणजे किती हे गेल्या बारा महिन्यांची चढउतार पाहून ठरवा. नेहमीच्या हेलकाव्यातच पातळी पडली तर दर महिन्याला खोटी धावपळ होईल आणि तिसऱ्यांदा कोणी हलणार नाही.

पातळी ओलांडली की काय होतं ते सांगतो. लोक जमतात आणि कृती करायची सोडून पातळीच बदलतात. ‘सणासुदीमुळे आहे’, ‘एकच मोठा ग्राहक आहे’. कधी ते खरंही असतं. यावर एक नियम बरा चालतो: पातळी बदलता येईल, पण लेखी कारण देऊन, आणि ती ओलांडली गेली त्या आठवड्यात नाही.

मोठ्या, न फिरवता येणाऱ्या निर्णयांआधी प्रीमॉर्टेम घ्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ही पद्धत रूढ केली. निर्णय जवळजवळ पक्का झाला की सहा ते दहा जणांना सांगायचं: एक वर्ष उलटलं आहे, हा निर्णय पूर्ण फसला आहे, कारणं लिहा. पाच-सात मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. मग एकेकाने एक कारण वाचायचं, सुरुवात सगळ्यात कनिष्ठापासून. तुम्ही शेवटी बोलायचं, आणि कोणाच्याही कारणावर ‘तसं होणार नाही’ म्हणायचं नाही. तेवढं एक वाक्य पुरतं खोली गप्प करायला. यादीतल्या वरच्या तीन कारणांसाठी योजनेत प्रत्यक्ष बदल करा आणि तो कोणाच्या सांगण्यावरून केला हेही सांगा. यादी फाइलमध्ये गेली की पुढच्या वेळी लोक बेतास बात कारणं लिहितात.

आधीच पैसा ओतलेल्या कामातून बाहेर पडणं सगळ्यात जड जातं. १९८५ मध्ये चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या अँड्र्यू ग्रोव्ह यांनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं होतं की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल. उत्तर होतं, मेमरी चिपमधून बाहेर पडेल. मग ते काम त्यांनी स्वतःच केलं. तुम्ही खरोखरच नवे प्रमुख होणार आहात, तेव्हा हा प्रश्न पहिल्या नव्वद दिवसांत तुमच्या हातात फुकट आहे. नंतर तुम्हीही जुन्या निर्णयांचे वारसदार होता.

आता विटलेल्या लोकांकडे. अनिश्चित काळात प्रमुखाने बोलायचं तर चार गोष्टी: आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते कळण्यासाठी काय चाललंय आणि कोणत्या तारखेला पुन्हा सांगू, आणि तोवर काय बदलणार नाही. चौथी सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि लोकांना तीच हवी असते. शिफ्ट, पगाराचा दिवस, सध्याचे प्रकल्प, जे काही खरंच स्थिर आहे ते नाव घेऊन सांगा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बोला, बातमी नसली तरी ‘या आठवड्यात नवं काही नाही’ एवढं सांगायला. गप्प बसलात की ती जागा अफवा भरून काढतात. मधल्या फळीतल्या मॅनेजरांना एक दिवस आधी कळवा. आपल्या टीमबरोबरच बातमी ऐकणारा मॅनेजर प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही आणि मनातून तुमच्यापासून तुटतो. आणि जे हातात नाही त्याचा शब्द देऊ नका. ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ हे वाक्य मोडलं की पुढची कितीतरी खरी वाक्यं कोणी ऐकत नाही. त्याऐवजी ‘डिसेंबरपर्यंत कपात नाही, रोकड अमुक पातळीखाली गेली तर आधी वरिष्ठांचे पगार कमी होतील, मग बाकीची चर्चा’ हे सांगता येतं, मात्र खरंच तसं ठरवलं असेल तरच.

योजना बदलताना जुन्या योजनेचं गृहीतक वाचून दाखवा. ‘मार्चमध्ये आपण धरलं होतं की मुख्य पुरवठादार सहा आठवड्यांत माल देईल, आता चौदा आठवडे लागताहेत, म्हणून ही योजना बंद.’ निर्णय-वहीचा हा दुसरा उपयोग, माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा. शिवाय नवं एक काम सुरू करताना जुनं एक काम जाहीरपणे बंद करा. तीन योजना बदलल्या म्हणता, पण पहिल्या दोनांचे अहवाल अजून कोणीतरी भरत असेल, अशी दाट शंका आहे. तपासून पाहा. थकवा बऱ्याचदा तिथला असतो.

सरावाचा क्रम असा ठेवता येईल. पद मिळण्याची वाट न पाहता आजच आपल्या विभागात वही सुरू करा, आठवड्याला एक नोंद. दुसऱ्या महिन्यात वित्त विभागासोबत बसून रोकड तक्ता स्वतःच्या हाताने एकदा भरा. तिसऱ्या महिन्यात सिनारिओ आणि चिन्हं. दर मोठ्या कामानंतर अर्ध्या तासाचा आढावा, अमेरिकी लष्करात रूढ झालेल्या चार प्रश्नांचा: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. तिसऱ्या प्रश्नात ‘कोणामुळे’ शिरलं की आढावा संपला असं समजा. सहाव्या महिन्यात वही उघडून बेरीज मांडा, आणि ती एखाद्या अशा माणसाला दाखवा जो तुमच्या हाताखाली नाही आणि ज्याला तुमच्याकडून काही नको आहे. हाताखालचे लोक तुमच्या आडाख्यांवर प्रामाणिक मत देतील ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

राहिला कोर्स. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायला लावून काही आठवड्यांनी त्याच निर्णयाकडे परत आणणारा, आणि वेगळ्या उद्योगांतल्या लोकांसोबत छोट्या गटात बसवणारा कोर्स मिळाला तर जरूर करा. फक्त व्याख्यानं आणि व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या असतील तर पैसे वाचवा. पण कामकाज विभागातून वर येणाऱ्यांना बहुतेकदा नेतृत्वाआधी ताळेबंद आणि कॅश फ्लो वाचायला शिकण्याची गरज असते. कंपनीचा ताळेबंद समोर ठेवून पुढच्या तिमाहीत रोकड कुठे अडकेल हे वित्त प्रमुखाला न विचारता सांगता येत नसेल, तर पहिला कोर्स तो करा.